अडतीस जणींची नावं

शैला ओव्हाळच्या नजरेतून चूक सुटत नसे. विश्रांतवाडीहून पीएमटीच्या बसने येताना समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र ती उलटं वाचायची आणि त्यातल्याही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायची. उलटं वाचायची सवय खिळ्यांनी लावलेली. नारायण पेठेतल्या छापखान्यात ती एकोणिसाव्या वर्षी लागली तेव्हा शिशाचे खिळे जुळवायचे असत, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्र्याण्णव साली मालकांनी कॉम्प्युटर आणला. खिळे भंगारात वजनावर गेले, चार जुळारी घरी बसले. शैला तेवढी उरली, कारण दर रविवारी क्लासला जाऊन ती आधीच टायपिंग शिकली होती. तिचे वडील धोंडिबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, पोरी, यंत्र आलं की यंत्राच्या अलीकडच्या बाजूला उभं राहावं. पलीकडच्या बाजूला त्याचं तोंड असतं.

लग्न राहून गेलं. आई लवकर गेली, मग वडिलांचं दुखणं निघालं, त्यात दोन स्थळं मागे पडली आणि तिसरं आलंच नाही. सदतिसाव्या वर्षी ती छापखान्यात अक्षरजुळणी करायची, प्रुफं तपासायची आणि मालक जागेवर नसले की मालकांच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना तारखाही द्यायची.

छापखान्याचं पोट लग्नपत्रिकांवर भरायचं. अब्रू होती ती 'गृहन्याय' या त्रैमासिकामुळे. घटस्फोट, पोटगी, दत्तक, वारसा असल्या विषयांवरचं संशोधन मराठीत छापणारं ते एकटं नियतकालिक, असं त्याच्या संपादक डॉ. वसुधा आगाशे सांगत. प्रती चारशे. त्यातल्या निम्म्या वाचनालयांत आणि वकिलांच्या संघटनांत जात. पत्ते शैलाच चिकटवायची. आगाशे बाई कायद्याच्या प्राध्यापक. रिक्षातून उतरून त्या थेट पंख्याखाली बसत. कोणी चहा विचारला तर म्हणत, "चहा घरी मिळतो. प्रूफ दे."

पूर्णिमा या छापखान्यात आली दोन हजार एक साली, बाइंडिंगला. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, ते क्रमाने लावायचे आणि टाचायचे, हे तिचं काम. शैलानेच तिला लावून दिलं होतं, कारण पूर्णिमाने भाड्याने घेतलेली खोली शैलाच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून होती, आणि त्या भिंतीपलीकडून येणारं न रडल्यासारखं रडणं शैलाने आठ दिवस ऐकलं होतं.

पूर्णिमाचा नवरा सुदर्शन कात्रजचा. आधी त्याच्याकडे एक जुनी मेटाडोर होती. मग हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, तिथल्या पोरापोरींना न्यायला-आणायला बस लागल्या, आणि तीन वर्षांत सुदर्शनच्या चार बस झाल्या. बसमागून ऑफिस आलं. ऑफिसात फोन घ्यायला एक बाई आली. वर्षभराने ती बाई घरीच राहायला आली, आणि पूर्णिमा चौथीतल्या राधाचा हात धरून बाहेर पडली. सुदर्शनने घटस्फोटाचा दावा लावला होता. पूर्णिमा घटस्फोट द्यायला तयार नव्हती. तिची वकील दीक्षा, मोफत कायदा सल्ला केंद्राकडून मिळालेली तरुण मुलगी, तिला पुन्हा पुन्हा पोटगीचं समजावायची. पूर्णिमाचं उत्तर ठरलेलं.

"त्याने एक पैसा नाही दिला तरी चालेल. पण मी त्याची लग्नाची बायको आहे. ती दुसरी राहील तर रखेल म्हणून राहील. बायको म्हणून नाही नांदणार."

तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. एवढी एक गोष्ट होती, आणि ती तिने घट्ट धरली होती.

त्याच सुमारास आगाशे बाईंनी सोडचिठ्ठीवरचं काम काढलं. कितीतरी समाजांत नवरा-बायकोचं जमलं नाही तर पंच बसतात, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून होते, दोन्हीकडचे अंगठे उठतात, आणि सगळे मानतात की झालं, सुटली. मुलीचं दुसरं लग्न होतं. कायदा मात्र म्हणतो, तशी रूढी तुमच्या जातीत पूर्वापार आहे हे कोर्टात सिद्ध करा. नाही करता आलं तर पहिलं लग्न अजून उभं आहे, आणि दुसरं लग्न लग्नच नव्हे. ज्या बायका पंधरा-पंधरा वर्षं स्वतःला बायको समजून नांदल्या, त्या एका प्रश्नासरशी कोणीच नसतात. हा कायदा बदलावा म्हणून आगाशे बाई लिहीत होत्या. त्यांना अशा बायका हव्या होत्या. प्रत्येकीचा चार पानी फॉर्म भरायचा होता, आणि बायका प्राध्यापकांपुढे बोलत नसत. शैलापुढे बोलत. एकूण अडतीस फॉर्म झाले. त्यातले एकवीस शैलाने भरले.

सतरावा पूर्णिमाचा. दुपारी डबा खाताना तीच बोलली. सोळाव्या वर्षी तिला दौंडकडे दिली होती. आठ महिने. त्या आठ महिन्यांचं तिने एवढंच सांगितलं की तिथे तिला पाठीवर झोपता येत नसे. थोरला भाऊ बापूराव येऊन घेऊन गेला. पंच बसले, त्यांत बापूरावही, शंभराच्या कागदावर चिठ्ठी झाली, आणि दोन वर्षांनी सुदर्शनचं स्थळ आलं. त्याला काही सांगितलं नाही. लोणी काळभोरात कोणी बोललं नाही. गाव हजार गोष्टी बोलतं, पण मुलीचं दुसऱ्यांदा जमत असलं तर तोंड मिटतं. आता त्या पंचांपैकी एकटा बापूराव उरला होता.

"गावचे जुने सोडले तर हे दादाला माहीत आणि आता तुम्हाला," पूर्णिमा म्हणाली. "छापणार ना?"

"नाव बदलून छापतात," शैला म्हणाली.

लेख पूर्ण झाला तेव्हा आगाशे बाईंनी फॉर्मांचा गठ्ठा शैलाच्या टेबलावर ठेवला. सगळ्यांची नावं बदलायची आहेत, म्हणाल्या. शैलाने विचारलं, काय घालू? वाटेल ते घाल, पण ती मीना-टीना नकोत, त्या म्हणाल्या. वय, गाव, समाज यांना शोभली पाहिजेत. खरी वाटली पाहिजेत. आणि रिक्षा उभी होती म्हणून त्या गेल्या.

शैला अडतीस नावं शोधायला बसली. पाच-सहा सुचली, मग हात थांबला. फॉर्मात तिसरा रकाना होता: लग्नापूर्वीचं नाव. त्यात तिने स्वतःच्या अक्षराने भरलेलं दिसत होतं. पूर्णिमा, आधीची द्वारका. कोणी आधीची सोनाबाई, कोणी आधीची अनसूया. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं त्या तांदळाबरोबर डब्यात गेलं. पूर्णिमाने फॉर्म भरताना म्हटलंही होतं, ते नाव आता कोण घेतंय, दादा सोडून. शैलाला वाटलं, हीच बदललेली नावं. वयाला, गावाला, जातीला तंतोतंत शोभणारी, आणि जगाने विसरलेली. त्यात कुठेतरी तिला बरंही वाटलं. या बायकांचं एकदा काढून घेतलेलं आपण परत देतोय, असं. जिचं आयुष्यात कधी नावच बदललं नाही, तिला असं वाटू शकतं.

ज्यांची नावं लग्नात बदलली नव्हती त्यांना तिने नवी दिली. बाकी सव्वीस जणींना माहेरची.

चार प्रुफं झाली. आगाशे बाईंनी प्रत्येक प्रूफ लाल पेनाने रंगवलं. नावांवर एकही खूण नव्हती. दिवाळीच्या आधी अंक छापून आला, आणि पूर्णिमाने पाच दिवस बसून त्याच्या घड्या घातल्या. लेखाचा फर्मा तिसरा. दुमडताना तिची नजर कागदाच्या कडांवर असायची, कडा जुळल्या की झालं. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'द्वारका, वय तेहतीस, मूळची लोणी काळभोरची. पतीचा बसवाहतुकीचा व्यवसाय. पहिला विवाह सोळाव्या वर्षी, सोडचिठ्ठीने संपुष्टात. दुसऱ्या पतीस त्याची कल्पना नाही. सध्या त्याने घटस्फोटाचा दावा केला आहे.' ते पान तिच्या बोटांखालून चारशे वेळा गेलं.

फेब्रुवारीत तिची उलटतपासणी होती. न्यायाधीशांनी सोबतीला म्हणून शैलाला मागच्या बाकावर बसू दिलं. सुदर्शनचे वकील शेळके. पट्ट्याला मोबाईल लावलेला, आवाज असा मऊ की आजाऱ्याची विचारपूस करायला आलेत असं वाटावं. तासभर त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. राधाची शाळा, छापखान्यातलं काम. मग कागद मिटले.

"लग्नाच्या आधी तुमचं नाव काय होतं, बाई?"

"द्वारका."

"बरं, द्वारकाबाई. सुदर्शन यांच्याआधी तुमचं कोणाशी लग्न झालं होतं?"

पूर्णिमाने एकदा सुदर्शनकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. ती शपथ घेऊन उभी होती. तिने हनुवटी वर केली.

"झालं होतं. पण त्याची चिठ्ठी झाली. रीतसर."

"रीतसर," शेळके वकील म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं." आणि ते खाली बसले.

दीक्षाच्या हातातलं पेन थांबलं. तिला हे पूर्णिमाने कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं पूर्णिमाला वाटलं नव्हतं. चिठ्ठी झाली की संपलं, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता आपण काय बोललो हे त्या खोलीत एकट्या तिला कळलं नव्हतं. शैलाला कळलं होतं. तो लेख तिने चार वेळा तपासला होता.

बाहेर आल्यावर दीक्षाने समजावलं. शेळके आता घटस्फोट मागणारच नाहीत. लग्नच झालं नव्हतं म्हणतील. पूर्णिमाने सगळं ऐकून घेतलं. बसस्टॉपवर आल्यावर ती शैलाकडे वळली.

"याला कसं कळलं?" ती म्हणाली. "गाव बोलत नाही. बाकी दोघांनाच माहीत. तुम्हाला आणि दादाला. शैलाताई, तुम्ही कोणाला बोलला नाहीत ना?"

"मी कोणाला बोलले नाही," शैला म्हणाली.

वाक्य खरं होतं. व्याकरणाने त्यात चूक काढता आली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैला वकिलांच्या वाचनालयात गेली. ओळखीच्या शिपायाला म्हणाली, अंकात शुद्धिपत्र चिकटवायचं आहे. खरंच तिने पिशवीत गोंद आणि छापलेल्या पट्ट्या आणल्या होत्या: पान ४७, ओळ ९, 'द्वारका' ऐवजी 'सुमन' वाचावे. काय चिकटवतोय हे तिचं तिला कळत होतं. ज्याने वाचलं नसेल तोही या पट्टीमुळे वाचेल. पण हात मोकळे ठेवून बसवत नव्हतं. तिने अंक काढला, सत्तेचाळिसावं पान उघडलं. 'द्वारका'खाली पेन्सिलीने दोन रेघा होत्या. समासात बारीक अक्षरात: 'लोणी? बस? सु.च्या बायकोचं माहेरचं नाव विचारणे.'

तिने अंक मिटून जागेवर ठेवला. पट्ट्या परत आणल्या.

त्या रविवारी पूर्णिमा एकटीच लोणीला गेली. बापूरावाच्या मुलीचा साखरपुडा होता, मांडवात पाहुणे होते. बापूराव रोज पहाटे दुधाच्या टेम्पोबरोबर कात्रजच्या डेअरीला यायचा, सुदर्शनबरोबर अधूनमधून चहाही प्यायचा, बाईमाणसाने मिटवून घ्यावं असंही दोनदा म्हणाला होता. पूर्णिमाने हे सगळं जोडलं होतं. तिने मांडवातच त्याला विचारलं, माझी चिठ्ठी त्याला किती चहांना विकलीस. व्याह्यांसमोर त्याला दलाल म्हणाली. बापूरावाची बायको सरुबाई तिला आत ओढायला लागली तर तिचाही हात झिडकारला. आणि त्या दारात परत पाऊल टाकणार नाही असं बोलून आली. हे तिने सोमवारी फर्मे दुमडता दुमडता सांगितलं, आवाज न चढवता. शैला स्क्रीनकडे बघत एका मुंजीच्या पत्रिकेतला मुहूर्त टाइप करत होती. तिने तो तीनदा चुकवला.

आगाशे बाईंकडे ती त्याच संध्याकाळी गेली. बाईंनी लेख काढला, फॉर्म काढले, सतरावा फॉर्म आणि सत्तेचाळिसावं पान शेजारी शेजारी ठेवलं.

"खरी वाटली पाहिजेत म्हटलं होतं, शैला. खरी असली पाहिजेत असं नव्हतं म्हटलं."

"तुम्ही चार प्रुफं पाहिलीत, बाई."

आगाशे बाईंनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचा चेहरा अगदी साध्या बाईचा दिसला.

"मी वाक्यं पाहत होते," त्या म्हणाल्या.

शैलाने विचारलं, तुम्ही साक्षीला याल का? अशी रूढी आहे, एवढं सांगायला. बाई म्हणाल्या, आले तर पहिला प्रश्न येईल, माहिती कुठून आणली. मग फॉर्म हजर करा म्हणतील. अडतीसच्या अडतीस कोर्टात जातील, आणि उरलेल्या सदतीस जणींचे नवरे कुठे ना कुठे आहेतच. त्या असंही म्हणाल्या की प्राध्यापकाच्या लेखाने रूढी सिद्ध होत नाही. जातीतला वडीलधारा माणूस लागतो, ज्याने चिठ्ठ्या होताना डोळ्यांनी पाहिल्या. पंच. तो भाऊ आहे ना, त्याला उभा करा.

दीक्षानेही तेच सांगितलं. पूर्णिमा हसली. विकणाऱ्यालाच साक्षीला बोलावू, म्हणाली.

आता शैलाच्या एका वाक्यावर ती केस उभी होती, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून निघत नव्हतं. मार्चची तारीख गेली. एप्रिलची गेली. दीक्षा दर वेळी साक्षीदारासाठी मुदत मागायची. घरी भिंतीपलीकडे राधा पाढे म्हणायची, पूर्णिमा मधेच चुका काढायची, आणि शैला अलीकडे ताटावर बसून ऐकायची. तिला भीती केसची नव्हती. रोज दुपारी पूर्णिमा डबा उघडून 'ताई, आधी तुम्ही घ्या' म्हणायची, ते म्हणणार नाही याची होती. एवढ्यासाठी तिने दोन तारखा घालवल्या. मेमध्ये न्यायाधीशांनी शेवटची मुदत दिली, तेव्हा कुठे ती बाइंडिंगच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"पूर्णिमा, दादांनी नाही सांगितलं. अंकात छापून आलं ते."

"नाव बदलणार होता ना तुम्ही?"

"बदललं. द्वारका केलं."

पूर्णिमाचा हात घडीवर थांबला.

"शैलाताई, बाईचं माहेरचं नाव सगळ्यात पक्कं कुठं माहीत असतं? सासरी. सासू भांडताना तेच नाव घेते. नवरा मारताना तेच घेतो." तिने घडीवरून अंगठा फिरवला. "तुमचं लग्न झालं असतं तर कळलं असतं तुम्हाला."

मग पूर्णिमानेच विचारलं.

"कुठला अंक?"

"दिवाळीआधीचा."

"तो मीच दुमडला."

"हो."

तिने हातातला फर्मा उलटून पाहिला, जणू यातही काही असेल. मग म्हणाली, उद्या लोणीला चला. दादाला तुम्ही सांगायचं. मी नुसती उभी राहीन.

बापूराव गोठ्यात होता. शैलाने सगळं सांगितलं, मधे न थांबता, ओसरीच्या पायरीवर उभं राहून. सरुबाई पाणी घेऊन आली आणि तांब्या हातात धरूनच ऐकत राहिली. बापूरावाने शैलाकडे एकदाही पाहिलं नाही. तो बहिणीकडे पाहत होता.

"म्हंजे म्या न्हाई सांगितलं, ह्ये तुला परक्या बाईनं सांगितल्यावर पटलं व्हय?"

सरुबाईने तांब्या पूर्णिमापुढे धरला. तिने तो घेतला आणि गटागटा प्याली.

"तारीख कवा हाय?" बापूराव म्हणाला.

जूनमध्ये तो आला. धुतलेली टोपी, नवा सदरा, खिशात ती जुनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत. दीक्षाच्या प्रश्नांना त्याने खणखणीत उत्तरं दिली. आमच्यात चिठ्ठी चालते. आज्याच्या काळापासनं चालते. चिठ्ठी झालेली पोर दुसरीकडं देत्यात, तिला कुणी नावं ठेवत न्हाई. दीक्षाचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. शैला मागच्या बाकावर पुढे सरकून बसली.

मग शेळके वकील उठले. मऊ आवाजात म्हणाले, बापूराव, तुम्ही जाणते आहात. अशा चिठ्ठ्या किती पाहिल्यात?

"लई. धा-बारा तरी."

"छान. मग नावं सांगा."

"कुनाची?"

"त्या बायांची. कोणाची चिठ्ठी झाली, आणि ती बाई आता कोणाकडे नांदते. दहा नकोत, चार सांगा. बरं, दोन सांगा."

बापूरावाने तोंड उघडलं. आणि ते तसंच राहिलं.

पूर्णिमाला ठाऊक होतं त्याच्या ओठांवर कोणाचं नाव आहे. सरुबाई बापूरावाच्या घरात चिठ्ठी होऊनच आली होती. तिचा पहिला नवरा थेऊरला अजून शेती करत होता. बापूरावाने बायकोचं नाव घेतलं असतं तर रूढी सिद्ध झाली असती की नाही, हे न्यायाधीश ठरवणार होते. पण त्या नावावर उद्या कोणी दावा लावला तर त्याच्या घरात कोण कोणाची बायको आणि कोणाची मुलगी कोणाच्या नावाने सासरी जाणार, हे बापूरावाला त्या पिंजऱ्यात उभ्या उभ्या कळलं. बाकीची नावंही त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. चुलत बहीण. मेहुणी. धाकट्या सुनेची आई.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता. एखादं तरी नाव सांगा, त्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही, असं ते म्हणाले. बापूराव टोपी काढून दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"आठवत न्हाई, साहेब."

दीक्षा पूर्णिमाच्या कानाशी वाकली. तुम्हाला माहीत असतील ना? एक नाव द्या. एक. मी तिला समन्स काढते.

पूर्णिमाने भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता.

"नाही माहीत," ती म्हणाली.

शैलाकडे कोणी वळून पाहिलं नाही. तिला मात्र अडतीसच्या अडतीस पाठ होत्या, आधीच्या आणि नंतरच्या नावांसकट. तिने ओठ आत ओढून दातांखाली धरले आणि तशीच बसून राहिली.

बाहेर पायऱ्यांवर बापूराव टोपी घालायची विसरला होता. पूर्णिमाने ती त्याच्या हातातून घेऊन झटकली, त्याच्या डोक्यावर ठेवली.

"वहिनीला सांगू नकोस तुला काय विचारलं ते."

"न्हाई सांगत," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "द्वारके, लोणीला ये ऱ्हायला."

ती म्हणाली, राधाची शाळा आहे.

निकाल गणपतीनंतर लागला. राधा बापाची औरस मुलगी राहिली. कायदा मुलांना सांभाळून घेतो. आईला नाही. निकालाची नक्कल सोळा पानांची होती. छापखान्यात पूर्णिमाने ती बाइंडिंगच्या टेबलावर ठेवली. तिला वाचता येत होतं, पण कोर्टाची भाषा अडखळवायची. शैला आपल्या जागेवर बसली होती. तोवर चार महिने दोघींमध्ये कामापुरतं बोलणं होतं, आणि डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडत.

"ओव्हाळबाई," पूर्णिमा म्हणाली, "शेवटचं पान वाचून दाखवता का जरा?"

शैला उठली. तिने शेवटचं पान काढलं आणि वाचलं. अर्जदार व प्रतिवादी यांच्यातील विवाह प्रारंभापासूनच रद्दबातल आहे असे घोषित करण्यात येते.

"प्रारंभापासून म्हणजे?"

"पहिल्या दिवसापासून."

पूर्णिमाने मान हलवली. नक्कल घडी घालून, कडा जुळवून, पिशवीत ठेवली. पुढच्या अंकाचे कागद येऊन पडले होते. तिने वरचा कागद ओढला आणि मध्यावर दुमडला.